दसरा काढताना

परवा व्हिडिओ कॉलवर गच्चीतला गोधड्या-चादरींचा ढीग पाहून पुण्याहून मुलगी म्हणाली, "आई, इतक्यात दिवाळीची आवराआवर?" दिवाळीची नाही गं, दसऱ्याची. आमच्या दिंडोरीकडे दसरा साजरा करायच्या आधी 'काढावा' लागतो. घट बसायच्या आत घरातली चिंधी न् चिंधी धुऊन निघाली पाहिजे, डब्यांखालचे कागद बदलले पाहिजेत, माळ्यावरची भांडी घासून परत वर गेली पाहिजेत. लहानपणी आई आणि काकू सगळ्या गोधड्या बैलगाडीत घालून कादवा नदीवर न्यायच्या. सोड्यात भिजलेली गोधडी दगडावर आपटायला दोघी लागायच्या आणि पिळायला चौघी. वाळत घातलेल्या गोधड्यांनी अख्खा काठ रंगीत दिसायचा. आता नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या रो-हाऊसमध्ये मी मोठ्या टबात उभी राहून पायांनी तुडवते. वॉशिंग मशिनला गोधडी पेलत नाही, आणि गोदाघाटावर सध्या सिंहस्थाची कामं चालू आहेत.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे घट थेट ११ ऑक्टोबरला बसणार. गेल्या वर्षी ते २२ सप्टेंबरलाच बसले होते, तेव्हा माझी नुसती धावपळ झाली होती. या वर्षी हस्त नक्षत्र आणि पित्रं दोन्ही २७ सप्टेंबरला लागली आणि माझ्या हाती निवांत पंधरवडा आला. पित्रांत नवीन काही सुरू करू नये म्हणतात. मी ते पाळते. नवं कापड घेत नाही, नवी कुंडीसुद्धा आणत नाही. पण गोधडीत दोऱ्याशिवाय नवं काय असतं? म्हणून माझी दर वर्षीची गोधडी याच दिवसांत बसते, आणि वर्षातले हे दिवस मला मनापासून आवडतात.

या वेळची गोधडी माईंच्या लुगड्यांची आहे. माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन पावणेदोन वर्षं होतील. त्यांची ट्रंक इतके दिवस उघडायला माझा हात होत नव्हता. नानाच, म्हणजे माझे सासरे, एका सकाळी म्हणाले, "त्या लुगड्यांना कसर लागण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगावर जाऊ दे." आतून नऊ लुगडी निघाली. त्यातली चार नणंदांना दिली. दोन नायलॉनची होती, ती गोधडीत चालत नाहीत. टाका धरत नाही, थर एकमेकांवरून सरकतात. त्यांच्या मी लांब पट्ट्या फाडल्या, टोमॅटोची आणि वालाची रोपं काठीला बांधायला. असल्या मऊ पट्टीने देठ कापला जात नाही, सुतळीने कापला जातो.

उरली सुती. नऊवार म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांब आणि पन्ह्याइतकी, म्हणजे साधारण चार फूट रुंद अशी एका माणसाची गोधडी होते. दोन लुगड्यांचे आठ थर. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात, तेव्हा आमच्याकडेही पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. त्या थंडीला आठ थर पुरतात आणि अंगावर ओझंही होत नाही. आत हिरवं पातळ घातलं, वरून खालून लाल काठाचं निळं इरकल गुंडाळलं.

वांगी रंगाचं एक लुगडंही घालायचं माझ्या मनात होतं. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलं, तीनदा पाणी बदललं, तरी रंग सुटायचा थांबेना. नाना बादलीपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "हे वणीच्या यात्रेत घेतलेलं. गडावरून उतरताना पाऊस लागला तर हिच्या पायांपर्यंत जांभळं पाणी आलं होतं. तेव्हापासून रंग जातोच आहे त्याचा." मग जरा थांबून म्हणाले, "हे फाडू नको." मी ते सावलीत वाळवलं, घडी घातली आणि ट्रंकेत परत ठेवलं. ट्रंकेत आता तेवढं एकच आहे.

गोधडी घालताना दोघी हव्यात, हे माहीत असून मी यंदा एकटीनेच थर पसरले. तीन फेरे शिवून झाल्यावर मधे पोट आलं. कापड कडेला ताणलेलं आणि मधे सैल. तिन्ही फेरे उसवले, शेजारच्या काकूंना बोलावलं आणि सगळं पुन्हा हॉलच्या फरशीवर अंथरलं. एका कोपऱ्यावर पाटा, एकावर वरवंटा, एकावर खलबत्ता आणि चौथ्यावर पाच किलो पिठाची पिशवी. काकूंनी तळहाताने मधून कडेकडे सुरकुती सरकवत नेली आणि मी मागून वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालत गेले. त्यानंतर धावदोरा. काठापासून सुरुवात, दोन बोटांचं अंतर, आणि फेऱ्यात फेरा घालत मध्यापर्यंत. कड आधी पक्की झाली की सुरकुतीला बाहेर जायला जागा राहत नाही, म्हणून आधी कच्चे टाके. ते टाळले की माझ्यासारखं उसवावं लागतं.

दोरा नाना ओवून देतात. त्यांचं वय चौऱ्याऐंशी, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सुईचं नाक माझ्यापेक्षा स्पष्ट दिसतं. दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढायचा, म्हणजे गुंता होत नाही, हे त्यांनीच माईंना पाहून लक्षात ठेवलेलं. सकाळी चहा झाला की सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवतात. दुपारपर्यंत त्या मला पुरतात. अविधवा नवमीला मात्र सुई हातात घेतली नाही. त्या दिवशी गवार, भोपळा, कारलं, अळूवड्या, उडदाचे वडे, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी असा सगळा स्वयंपाक होता. माईंच्या पानात कारलं कमीच वाढायचं, त्यांना ते आवडत नसे.

सकाळचे दोन तास गच्चीतल्या कुंड्यांचे. चार महिने पाण्याने कुंडीतल्या मातीचा सगळा कस खालच्या भोकातून वाहून गेलेला असतो. पानं पिवळी पडतात आणि माणसं अजून पाणी घालतात. खरं तर माती उपसायला हवी. मी निम्मी जुनी माती, निम्मं घरचं कंपोस्ट आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड असं कालवते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला होता. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारलं, आठ दिवसांनी पुन्हा फवारेन. भावाकडून आणलेल्या टोमॅटोच्या दोन कॅरेटांत गोणपाट अंथरून मेथी आणि कोथिंबीर टाकली आहे. धने चपलेखाली हलके रगडून दोन फाका करून पेरायचे, अख्खे टाकले तर निम्मे उगवत नाहीत. मेथी पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी काढायला येते, म्हणजे दसऱ्यानंतर लगेच.

झेंडूचं बी मी गेल्या दसऱ्याच्या तोरणातलं धरलं होतं. बाजारातली फुलं संकरित वाणाची असतात, त्यामुळे बी तसंच्या तसं उतरत नाही. बारा रोपांपैकी सातांना गच्च गोंडे आले, बाकीच्यांना एकेरी पाकळ्या. मला एकेरीही आवडली. मधमाश्या तिथेच जास्त बसतात.

सगळ्यात जास्त जीव गुंतलाय शेवंतीत. गेल्या वर्षी तिची पानं हिरवीगार होती आणि दिवाळी उलटली तरी कळी नव्हती. खत घातलं, जागा बदलली नाही. नर्सरीतल्या एका आजोबांनी विचारलं, "रात्री दिवा असतो का जवळ?" होता. जिन्यातला बल्ब रात्रभर जळायचा आणि कुंडी बरोबर त्याच्या खाली. शेवंती रात्र मोजते. दिवस लहान होऊन रात्र लांबत गेली की तिला कळी धरायचा इशारा मिळतो, आणि मधेच उजेड पडला तर तिच्या लेखी रात्र लांबतच नाही. आजोबांनी हेही सांगितलं की शेंडे खुडायचे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतच, त्यानंतर खुडलं की फूलच उशिरा येतं. यंदा मी पंधरा ऑगस्टला शेवटचे शेंडे खुडले आणि जिन्यातला बल्ब काढून कपाटात ठेवला. रात्री हे आणि मी कठड्याला धरून चढतो. नानांना त्या जिन्याने जावं लागत नाही, नाहीतर मी कुंडीच हलवली असती.

काल भावाचा फोन आला. "ताई, आभाळ पाहिलंस का?" त्याच्या द्राक्षबागेत गोड्या छाटणीचा, म्हणजे फळासाठीच्या छाटणीचा, हंगाम आहे. अर्ध्या बागेची छाटणी झालेली, काड्यांचे डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावलेली आणि आता हस्ताचा पाऊस. कोवळ्या फुटीवर पाणी साचलं की डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, येते, आणि ती घडांवर गेली की पुढचे एकशेवीस दिवस हातचे जातात. मी त्याला काय सांगणार! एवढंच विचारलं, घटाला माती पाठवशील ना? दर वर्षी तो वावरातली काळी माती पिशवीभर पाठवतो. सोबत या वेळी छाटलेल्या काड्यांची मोळीही मागितली आहे. मागच्या वर्षी वालाला आधार म्हणून रोवलेल्या त्या काड्यांपैकी एकीला पालवी फुटली होती, ती आता कठड्यापर्यंत पोहोचली आहे.

गोधडीचे अजून चार फेरे बाकी आहेत. मधली जागा उरली की माई तिथे वेगळ्या रंगाचं चौकोनी ठिगळ लावायच्या. मी ट्रंकेकडे एकदा पाहिलं आणि माझ्याच जुन्या पिवळ्या साडीचा तुकडा कापला.

रात्री हे कुलूप लावायला गच्चीत गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत. मी जिन्याशी जाऊन हाक मारली. अंधारातून आवाज आला, "अगं, शेंड्याला हात लावून बघ. मोहरीएवढं काहीतरी लागतंय."