कचऱ्याचा स्पॉट बंद करायचा, तर आधी गोण्या तपासा

मुंबईत बंद टपरीमागे किंवा नाल्याच्या कठड्यालगत कचरा पडायला लागला की पहिली मागणी असते, गाडी पाठवून उचलून न्या. गाडी येते, जागा साफ होते आणि दुसऱ्या दिवशी तिथेच ढीग. कचरा गेला, टाकणारे राहिले. म्हणून तक्रारीआधी हा कचरा कोणाचा आहे ते शोधा.

जाड रबरी हातमोजे घाला आणि पिशव्या काठीनेच उघडा. आत ब्लेड, सुया, फुटक्या काचा असतात. एकाच काळ्या पिशवीत कांद्याची सालं, अंड्यांचे ट्रे आणि तेलाचे रिकामे पाऊच निघाले तर ती घरातली नाही, खाण्याच्या गाडीवरची आहे. केसांचे पुंजके सलूनचे. एकाच कापडाच्या चिंध्या शिवणाच्या गाळ्यातल्या. दुकानाच्या पातळ कॅरी बॅगेला गाठ मारलेला कचरा मात्र आसपासच्या घरांतला. टाइल्सचे तुकडे आणि पीओपी सिमेंटच्या गोण्यांत भरलेले दिसले, तर जवळच कुठेतरी फ्लॅटचं काम चालू आहे.

आता वेळ शोधा. आठवडाभर पहाटे, गाडी येऊन गेल्यावर आणि रात्री उशिरा, एकाच जागी उभं राहून एकाच कोनातून फोटो काढा. कोणत्या दोन फोटोंच्या मध्ये ढीग वाढतो ते लगेच दिसतं. घरगुती कचरा पहाटे पडत असेल आणि गाडी नऊनंतर येत असेल, तर सहाची लोकल पकडणाऱ्याने पिशवी ठेवायची कुठे? तिथे दंडाचा बोर्ड लावून काही होत नाही. हे फोटो घेऊन सफाई चौकीवर मुकादमांना भेटा आणि वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा व्यवस्थापन विभागाला लेखी पत्र देऊन फेरीची वेळ बदलून मागा. दुकानदार आणि गाडीवाल्यांचा कचरा रात्री धंदा बंद होताना पडतो. त्यांच्यासाठी उचलण्याची वेगळी सोय आधी मागा, दंड नंतर.

सगळ्यात चिवट प्रकार डेब्रिजचा, म्हणजे तोडफोडीतून निघणाऱ्या राबिटचा. सिमेंटच्या एका गोणीत साधारण 35 ते 40 किलो राबिट बसतं. महापालिकेच्या ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवेत 500 किलोपर्यंत मोफत उचलतात, म्हणजे बारा ते चौदा गोण्या. छोट्याशा बाथरूमच्या भिंती आणि फरशी फोडली तरी दीड टन सहज निघतो. वरच्या वजनाचे पैसे भरावे लागतात. ते वाचवायला ठेकेदार रात्री छोटा हत्ती टेम्पो भरतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा खाडीकडे रिकामा करतो. त्याला रस्त्यावर पकडणं अवघड. सोसायटीच्या गेटवर अडवणं सोपं. सर्वसाधारण सभेत ठराव करा: कामाच्या परवानगीसोबत डिपॉझिट, आणि राबिट अधिकृतपणे नेल्याची पावती दाखवल्यावरच ते परत. वॉचमनच्या वहीत बाहेर जाणाऱ्या टेम्पोचा नंबर आणि गोण्यांचा आकडा लिहिला गेलाच पाहिजे.

कांदळवनात भराव पडत असेल तर वाट पाहू नका. राबिटखाली खारफुटीची जमिनीवर आलेली श्वसनमुळं गाडली जातात, भरतीचं पाणी अडतं आणि झाडं उभ्या जागी वाळतात. तक्रार वॉर्ड ऑफिसबरोबर वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडेही करा. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात खारफुटीभोवतीच्या 50 मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण दिलं आहे, त्याचा उल्लेख पत्रात असू द्या.

कॅमेरा लावायचा असेल तर ढिगावर रोखू नका. रात्री हेडलाइटच्या झोतात नंबर प्लेट पांढरी पडते. गाडी जिथे वळताना हळू होते, तिथे आठ-दहा फुटांवर, मागची प्लेट तिरपी दिसेल असा बसवा आणि जागेवर दिवा मागून घ्या. रेकॉर्डिंगवर दुसरं रेकॉर्डिंग चढण्याआधी फुटेज काढून ठेवा. देवांच्या टाइल्स भिंतीला चिकटवण्याचा उपाय मला मुळीच पटत नाही. ढीग चार पावलं सरकतो, एवढंच. आणि काही झालं तरी ढीग पेटवू नका. प्लास्टिकचा धूर आधी शेजारच्या खोल्यांतल्या पोरांच्या छातीत जातो.

महापालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर तक्रार करताना घरगुती कचरा आणि राबिट यांच्या दोन वेगळ्या तक्रारी नोंदवा. राबिट कचऱ्याच्या कॉम्पॅक्टरमध्ये घालत नाहीत, त्यासाठी वेगळी गाडी लागते. एकत्र तक्रार केली की घरगुती कचरा उचलून ती निकाली निघते आणि गोण्या तशाच राहतात. तसं झालं तर जुना तक्रार क्रमांक आणि ताजा फोटो जोडून त्याच दिवशी पुन्हा नोंदवा. जागा साफ झाली की पहिले दोन-तीन आठवडे रोज पहाटे कोणीतरी फेरी मारायला हवी. एखादी पिशवी दिसली तर ती दुपारपर्यंत राहू देऊ नका, कारण दुसरी पिशवी तिच्याच शेजारी पडते.