सशाचा निसटलेला डोळा

सशाचा एक डोळा जागेवर होता, दुसरा एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत. "ताई, एवढा डोळा चिकटवून द्या, बाकी सगळं ठीक आहे," बाळाची आई म्हणाली. बाळ आठ महिन्यांचं. ससा आणि सोबतचं क्रोशाचं पांघरूण, दोन्ही बाळाच्या आत्याने स्वतः विणून भेट दिलेलं. पांघरुणावर भरतकामात बाळाचं नाव. डोळा सापडला कुठे, असं मी विचारलं तेव्हा ती जरा थांबली. "त्याच्या मुठीत."

भेटीच्या वस्तू माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्या बहुतेक किरकोळ कारणांनी. कुठे एखादा टाका उसवलेला असतो, कुठे लोकर ओढली गेलेली असते. हे काम त्यातलं नव्हतं. जो डोळा एकदा मुठीत आला तो पुढच्या वेळी तोंडात जाणार. म्हणून चिकटवायचं नाही, हे मी तिला लगेच सांगितलं. कुठलाही गोंद लोकरीच्या वरच्या तंतूंना धरतो, आतल्या विणीला नाही. लाळेने आणि धुण्याने ती पकड सुटते, आणि डोळा निघताना तंतूही सोबत घेऊन येतो.

आधी निघालेला डोळा पाहिला. ९ मिलिमीटरचा, मागे कंगोरे असलेली दांडी, बाजारात 'सेफ्टी डोळे' म्हणून मिळतात तो प्रकार. ही दांडी विणीतून आत घालायची आणि मागून वॉशर, म्हणजे भोकाची छोटी चकती, दाबत न्यायचं. प्रत्येक कंगोरा ओलांडताना टक् असा आवाज येतो आणि वॉशर विणीला घट्ट टेकेपर्यंत दाबावं लागतं. या डोळ्याच्या दांडीवर वॉशर नव्हतंच, म्हणजे ते डोक्याच्या आत सुटून पडलेलं होतं. पहिल्याच कंगोऱ्यावर थांबलेलं वॉशर वरून पाहिलं तर अगदी व्यवस्थित वाटतं. बाळाने रोज थोडं थोडं ओढलं की ते मागे सरकत जातं.

जागेवर असलेल्या डोळ्याची गोष्ट वेगळी होती. त्याचं वॉशर पक्कं होतं, पण डोळा बोटाने हलवला की तिरका व्हायचा आणि वॉशरची कड टाक्यांच्या फटीत दिसायची. दुखणं विणीत होतं. सशाच्या पोटावर पट्टी ठेवून मोजलं: ५ सेंटीमीटरमध्ये ९ मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे आखूड टाके. याच जाडीच्या लोकरीत खेळणं विणताना मला ११ ते १२ लागतात. आत्याचा हात मात्र सुरेख होता. फेऱ्या एकसारख्या, वाढवलेले टाके बरोबर अंतरावर, कुठे एकही टाका सुटलेला नाही. चूक हाताची नव्हती, क्रोशाच्या सुईच्या नंबरची होती. लोकरीच्या लेबलवर ४ मिलिमीटरची सुई छापलेली असते आणि तीच तिने घेतली असणार. तो नंबर स्वेटर, टोपी, शाल यांच्यासाठी असतो, जिथे कापड मऊ आणि लवचीक हवं. खेळण्याला कापड ताठ आणि बंद हवं, त्यामुळे त्याच लोकरीला २.५ ते ३ मिलिमीटरची सुई घ्यायची. ओळखायला सोपं आहे. भराव भरल्यावर वीण दोन अंगठ्यांनी ताणून बघायची. आतलं पांढरं दिसलं तर वीण सैल.

सुई बदलूनही ज्यांची वीण सैल येते त्यांनी दोरा कसा ओढला जातो हे पाहावं. टाक्यात सुई घातल्यावर दोरा सुईवरून घेऊन ओढला की टाका 'व्ही'सारखा दिसतो. सुई दोऱ्यावर नेऊन दोरा खालून पकडला तर 'एक्स'सारखा दिसतो. दुसऱ्या पद्धतीत दोरा कमी लागतो, टाका आखूड आणि घट्ट होतो. मनगटाला सवय व्हायला थोडा वेळ लागतो, पण खेळण्यांसाठी मी तीच पद्धत सुचवते.

सैल विणीत कितीही चांगला डोळा लावला तरी तो उरलेल्या फटीतून वॉशरसकट बाहेर येऊ शकतो. पाकिटावर 'सेफ्टी' लिहिलेलं असलं तरी तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात मी प्लास्टिकचा डोळा, मणी, बटण यांतलं काहीच लावत नाही. लहान भागांची तपासणी करायला जी नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात मावणारी प्रत्येक वस्तू बाळाच्या घशात अडकू शकते असं धरतात. ९ मिलिमीटरचा डोळा त्या नळीत सहज मावतो. बाळाच्या आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग दोन्ही डोळे काढा." तेच करायचं होतं, आणि डोळे भरतकामाने करायचे होते.

डोकं उघडल्याशिवाय इलाज नव्हता. मान जिथे धडाला शिवली होती तो दोरा उसवला, भराव काढला, आणि सुटं पडलेलं वॉशर त्या भरावातच मिळालं. डोकं न उघडता नुसता डोळा लावून दिला असता तर ते आतच राहिलं असतं. दुसऱ्या डोळ्याची दांडी आतून पक्कडीने, वॉशर आणि विणीच्या मधोमध कापली. ओढून काढायचा प्रयत्न करू नये, त्याने वीण फाटते. कापलेले तुकडे मोजून बाजूला ठेवायचे: दोन डोळे, दोन वॉशर, दांडीचे तुकडे. सगळे जमले की मगच पुढे जायचं.

आता सैल वीण. डोकं नव्याने विणणं हा एक मार्ग होता, पण मग ती आत्याची भेट राहिली नसती. म्हणून आतून अस्तराची पिशवी घातली. डोक्याचा सर्वांत मोठा घेर ३६ टाक्यांचा, म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर. पिशवीसाठी होजिअरी कापडाचे, टीशर्टला असतं त्या प्रकारचे, दोन गोल कापले. शिवल्यावर व्यास १० सेंटीमीटर यावा, म्हणजे घेराच्या निम्मा. कड दोनदा शिवायची. कापडाचा रंग लोकरीच्या जवळचा घ्यायचा, म्हणजे फटीतून पांढरं डोकावत नाही. रिकामी पिशवी घडी करून मानेच्या तोंडातून आत सरकवली आणि आतच भरली. भराव पॉलिस्टर फायबरचा, बोटभर पिंजून घेतलेले तुकडे, आधी कडेने आणि मग मधे. एकदम मोठा गोळा कोंबला की एका बाजूला टेंगूळ येतं आणि तिथली वीण ताणली जाते. साधा कापूस मी भरत नाही. धुतल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि आतला ओलावा लवकर जात नाही.

या पिशवीचा दुसरा फायदा डोळे भरताना कळतो. नुसत्या विणीवर भरलं की टाके फटीत बुडतात आणि डोळ्याचा आकार वेडावाकडा होतो. प्रत्येक टाक्यात खालचं होजिअरी कापड पकडलं की टाका जागेवर बसतो. डोळ्यांच्या जुन्या भोकांभोवती आधी त्याच रंगाच्या लोकरीने बारीक धावदोरा घालून ती आवळून घेतली. मग जागा टाचण्यांनी ठरवली: १२व्या आणि १३व्या फेरीच्या मधे, दोन डोळ्यांत ७ टाक्यांचं अंतर. टाचण्या लावून ससा हातभर लांब धरून पाहावा, अर्ध्या टाक्याच्या फरकानेही चेहरा बदलतो.

बहुतेक पुस्तकांत डोळा सॅटिन टाक्याने, म्हणजे भरीव टाक्याने भरायला सांगतात. दिसायला तो सुंदर, गुळगुळीत. पण ८ मिलिमीटरचे उभे टाके म्हणजे बाळाच्या नखाला उचलायला मोकळा दोरा. मी सहा पदरी सुती दोऱ्यातले तीन पदर घेते, टोकदार सुई घेते आणि बाहेरून आत साखळी टाक्याची भोवरी करत जाते. एक साखळी ३ मिलिमीटरपेक्षा लांब नाही. टोकदार सुई लोकरीचा धागा भेदून जाते आणि त्यामुळे टाका घसरत नाही. बोथट सुई फक्त फटींतून जाते. भोवरी पूर्ण झाली की पांढऱ्या चमकेसाठी दोन छोटे आडवे टाके. तिथे गाठीचा टाका उठून दिसतो, पण चघळून चघळून ओली झालेली गाठ सैल पडते, म्हणून बाळाच्या वस्तूवर तो नकोच.

दोऱ्याची टोकं संपवताना वर गाठ मारली नाही. सुई डोक्यातून आरपार नेली, जिथून बाहेर आली त्याच भोकातून दुसऱ्या दिशेने परत घातली, असं तीनदा. शेवटी दोरा किंचित ओढून विणीलगत कापला, की टोक आत जातं.

डोकं उघडंच होतं तर सुरुवातीचं कडंही पाहून घेतलं, आणि बरं झालं. ६ टाक्यांचं जादुई कडं होतं, म्हणजे ओढून आवळायचा दोऱ्याचा फास, ज्यात पहिले टाके विणतात. पण त्याचं शेपूट, म्हणजे दोऱ्याचं सुटं टोक, आत जेमतेम ३ सेंटीमीटर, तेही न ओवलेलं. ॲक्रेलिक लोकर निसरडी असते; असं कडं हळूहळू उघडतं आणि डोक्याच्या मधोमध भोक पडतं. नवीन लोकर घेऊन सहाही टाक्यांच्या बुडातून एक फेरा घातला, आवळला, मग उलट दिशेने दुसरा फेरा. एकाच दिशेने ओवलेलं शेपूट ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने परत येतं. शेपूट नेहमी १५ सेंटीमीटर तरी सोडावं.

कान फक्त वरवरच्या कडेला टाचलेले होते. ते काढून, दोन्ही बाजूंचे पूर्ण टाके पकडून, पुढून एकदा आणि मागून एकदा शिवले. नंतर ओढून पाहिलं. बॅगेचं वजन करायचा लटकता काटा असतो, त्याच्या हुकाला कापड गुंडाळलेला चिमटा लावून कान ओढायचा. युरोपच्या खेळण्यांच्या मानकात, ईएन ७१ मध्ये, ६ मिलिमीटरपेक्षा मोठ्या भागाला ९० न्यूटनचा ताण देतात, म्हणजे काट्यावर साधारण ९ किलो. ताण हळूहळू वाढवायचा आणि १० सेकंद धरायचा. घरच्या काट्याने केलेली ही परीक्षा म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, पण कच्ची शिवण तिच्यात लगेच उघडी पडते. दोन्ही कान टिकले.

एवढं झाल्यावर पांघरूण पाहायचं कारण नव्हतं, ते नीट आहे असंच ती म्हणाली होती. मी उलटं करून पाहिलं. भेटवस्तूची मागची बाजू पाहिल्याशिवाय मी ती परत देत नाही. नाव तीन अक्षरी, मरून दोऱ्यात, पुढून छान. मागे प्रत्येक अक्षरापासून पुढच्या अक्षरापर्यंत दोरा मोकळा ओढलेला, ४-४ सेंटीमीटरचे लोंबते फास. बाळाचं बोट अशा फासात अडकून दोरा त्याभोवती आवळला जाऊ शकतो, आणि बाळ नुसतं रडत राहतं, कारण कुणाला दिसत नाही. डॉक्टरांना माहीत असलेला हा प्रकार आहे. मोज्याच्या आतल्या सुट्या धाग्यानेही तो होतो.

फास मधोमध कापले. प्रत्येक टोक २ सेंटीमीटरचं राहिलं, आणि एवढ्या आखूड टोकात सुई ओवून काम होत नाही. त्यासाठी उलटं करायचं: रिकामी सुई आधी मागच्या टाक्यांखालून घालायची, तिचं नेढं टोकाजवळ आणायचं, मग त्यात दोरा ओवून सुई पुढे ओढायची. एक टोक एका दिशेला, दुसरं विरुद्ध. नंतर नावाच्या मागे मऊ सुती कापडाची पट्टी बारीक टाक्यांनी लावली. कापड आधी धुऊन वाळवलेलं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि नाव चुण्यांत जातं. मरून दोऱ्याचा रंग उतरतो का, हेही ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून पाहिलं. फडकं पांढरंच राहिलं.

देवनागरी नाव भरताना मुळात हे फास टाळता येतात, कारण शिरोरेषा आयतीच जोडणारी असते. अक्षरं आधी भरावीत, एका अक्षराकडून दुसऱ्याकडे जाताना शिरोरेषेच्या जागीच बारीक टाके घेत जावं, आणि शेवटी त्यावरून साखळी टाक्याची शिरोरेषा घालावी. मधला सगळा प्रवास तिच्याखाली झाकला जातो. क्रोशाचं कापड रिंगमध्ये ताणून भरू नये. रिंग काढली की वीण आखडते आणि शिरोरेषा लाटांसारखी उभी राहते. पाण्यात विरघळणारा स्टॅबिलायझर, म्हणजे भरताना आधार देणारा पातळ कागदासारखा थर, वरून टाचून, पांघरूण टेबलावर सपाट ठेवून भरावं, आणि शिरोरेषेचा दोरा जरा सैल सोडावा. साखळी टाका विणीबरोबर ताणला जातो, उलटी टीप तेवढी ताणत नाही.

वस्तू न्यायला आली तेव्हा तिला एकच काळजी होती. "वन्संना वाईट वाटेल का?" मी म्हटलं, त्यांना सगळं सांगा, आणि काढलेले डोळे दाखवा. जी इतकं एकसारखं विणते तिला सुई बारीक घ्यायला सांगणं म्हणजे तिच्या कामाला नावं ठेवणं नव्हे. एका चिठ्ठीवर लिहून दिलं: सुई २.७५, शेपूट १५ सेंटीमीटर, डोळे साखळी टाक्याचे, नावाच्या मागे अस्तर.

शिवाय दोन गोष्टी तिच्यासाठी. ससा जाळीच्या पिशवीत थंड पाण्याने धुवायचा, इस्त्री अजिबात नाही, कारण गरम इस्त्रीने ॲक्रेलिक कायमचं मलूल पडतं. आणि आतपर्यंत वाळला आहे की नाही ते पोट दाबून पाहूनच बाळाकडे द्यायचा. दुसरी गोष्ट तिला फारशी आवडली नाही, तरी सांगितली: बाळ वर्षाचं होईपर्यंत झोपताना ससाही जवळ ठेवायचा नाही आणि पांघरूणही घालायचं नाही. दोन्ही वस्तू बाळ जागं असताना आणि कुणीतरी समोर असतानाच वापरायच्या.