२४०झेडला पिकअपचे ब्रेक: एका खोक्याची ओळख पटवताना

ओहायोत राहून मी १९७२ ची डॅटसन २४०झेड घेतली, तेव्हा गाडीसोबत एक जड खोकंही पदरात पडलं. विकणारा म्हणाला, "पुढचे मोठे ब्रेक आहेत, सरळ बसतात." त्याच्याही आधीच्या मालकाने ते जमवले होते आणि बसवायचे राहूनच गेले होते. आत गंजलेले दोन कॅलिपर (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून पॅडने दाबणारे चिमटे), कोरे पॅड, पिना, स्प्रिंगा आणि ॲल्युमिनियमच्या दोन जाड कड्या. प्रत्येक कडीला चार भोकं. डॅटसनचं किंवा तिच्या मूळ कंपनीचं, निसानचं, नाव कशावरच नाही.

भारतात डॅटसन म्हटलं की बहुतेकांना २०१४ साली आलेली छोटी 'गो' आठवते. ही तिची वयाने मोठी आणि स्वभावाने बरीच वांड आत्या: २.४ लिटरचं सहा सिलेंडरचं इंजिन, दीडशेच्या आसपास हॉर्सपॉवर, आणि ते सगळं आवरायला पुढे डिस्क, मागे ड्रम.

"सरळ बसतात" एवढ्यावर सीट कव्हर घ्यावं, ब्रेक नाही. वायर ब्रश घेऊन आधी गंज खरवडला. कॅलिपरच्या ओतीव अंगावर हळूहळू अक्षरं उघडी पडली: एस१२डब्ल्यू. पिस्टन (पॅडला ढकलणारे दट्टे) चार, दोन्ही बाजूंना दोन-दोन. गाडीवरच्या मूळ सुमितोमो कॅलिपरला प्रत्येक बाजूला एकच पिस्टन असतो. म्हणजे झेडचा हा नव्हेच.

शोध घेतल्यावर घराणं कळलं. हे टोयोटाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आणि फोररनरचे कॅलिपर. मालवाहू गाडीचा ब्रेक स्पोर्ट्स कारला, हे विचित्र वाटतं. पण बोल्टची भोकं जुळतात, चार पिस्टन मिळतात आणि भंगारवाल्याकडे स्वस्तात सापडतात, म्हणून झेडवाले वर्षानुवर्षं हेच करत आलेत. यात दोन भावंडं आहेत. एस१२+८ हा जुन्या पिकअपवरचा, भरीव डिस्कसाठी. एस१२डब्ल्यू रुंद, मधून हवा खेळणाऱ्या जाड व्हेंटिलेटेड डिस्कसाठी.

खरी मेख इथे होती. झेडची मूळ डिस्क भरीव, नवी असताना साडेबारा मिलिमीटर जाड. रुंद कॅलिपर तिच्यावरही बोल्टने घट्ट बसतो, पेडल दाबलं की गाडी थांबतेसुद्धा. मी कोरे पॅड घालून कॅलिपर नुसता अडकवून पाहिला. डिस्क आणि पॅड यांच्यात दोन्ही बाजू मिळून जवळजवळ पाऊण सेंटिमीटर मोकळी जागा होती. ती भरून काढायला पिस्टनला पहिल्या दिवसापासूनच तेवढं बाहेर यावं लागणार. पुढे पॅड झिजले, डिस्कही झिजली, की पिस्टन सिलपर्यंत (ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगेपर्यंत) बाहेर येऊन ब्रेक ऑइल गळायची भीती. आणि हे व्हायचं ते पॅड जुने झाल्यावर, म्हणजे बसवणारा सगळं विसरून गेल्यावर.

मग त्या कड्यांचाही उलगडा झाला. विकणाऱ्याला त्या चाकामागचे स्पेसर वाटत होत्या. झेडची डिस्क हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मागच्या बाजूला चार बोल्टने बसते. याच घराण्यातल्या नंतरच्या निसान ३००झेडएक्सची जाड डिस्क तिथे लावायची तर ती कॅलिपरच्या मधोमध यावी म्हणून हब आणि डिस्क यांच्यामध्ये अशी कडी घालतात. चारही भोकं हबवर धरून पाहिली, चपखल जुळली. म्हणजे आधीच्या मालकाचा बेत बरोबर होता. फक्त त्यातला महागडा भाग, त्या दोन डिस्क, त्याने घेतलाच नव्हता.

त्या मी १९८४ च्या ३००झेडएक्ससाठीच्या मागवल्या. कॅलिपर उघडून नवी सिलं घातली. डिस्कमागचा धूळ अडवणारा पत्रा आड येत होता, तो काढला. ब्रेकची पातळ नळी नव्याने वाकवावी लागली, आणि हे काम सांगायला सोपं आहे, एवढंच म्हणतो. डावा-उजवा कुठला, हे कॅलिपरवर लिहिलेलं नव्हतं. पण हवा काढायचा निपल वरच्या टोकाला यायला हवा, त्यावरून ठरलं. तो खाली आला तर वर साठलेली हवा कितीही पेडल मारून निघत नाही.

चार पिस्टनांना ऑइल जास्त लागतं, त्यामुळे मूळ ७/८ इंची मास्टर सिलेंडरवर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा भाग) पेडल बरंच खाली जात होतं. २८०झेडएक्सचा १५/१६ इंची बसवला. व्यासातला फरक नखाएवढा, पण पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढतं. पेडल वर आलं, थोडं जड झालं. मला ते आवडलं, बायकोला नाही.

मागचे ड्रम तसेच ठेवलेत. जोर आता पुढे जास्त जातो, म्हणून रिकाम्या पार्किंगमध्ये कचकन ब्रेक मारून पाहिले. पुढची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी सरळ रेषेत राहते. पावसाळी रस्त्यावरची चाचणी बाकी आहे.