तुमच्या उपासाला काय चालतं?

शेजारच्या काकूंनी हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला, त्याला वीसेक वर्षं झाली असतील. लग्नसराई होती, म्हणजे लेंटही होता, आम्हा ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपासाचा काळ. आमच्या बेळगावात दोन्ही हातात हात घालून येतात आणि शिवणकाम करणारीची तारांबळ उडते. शुक्रवारची दुपार. मी ब्लाउजला हुक लावत बसले होते आणि काकू वाटीवर ताटली झाकून आल्या. म्हटलं, काकू, आज उपास आहे.

"मग बरंच झालं की! रताळ्याच्या चकत्याच आहेत, तुपात परतलेल्या. तुमच्या उपासाला रताळं चालतं न्हवं?"

"नाही चालत."

"वरी?"

"नाही."

"दाण्याची आमटी? साबुदाणा? बरं, दूध तरी?"

"पाणी तेवढं, काकू."

काकूंनी वाटी कट्ट्यावर ठेवली. "मग हा उपास कसला गं, ही तर उपासमार!"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. उपासाला काय चालतं आणि काय नाही याची यादी त्यांना तोंडपाठ. "एकादशी दुप्पट खाशी" ही म्हणसुद्धा त्यांनीच मला हसत हसत ऐकवली. आमच्याकडे यादीच नाही, ही खरी अडचण. कॅम्पातल्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीचं बरं आहे, त्यांचं सगळं ठरलेलं असतं. राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांनी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. लेंटच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, ते चौदाव्या वर्षापासून. आजाऱ्याला सूट. चाळीस दिवस म्हणतात, पण राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलेत तर 46 भरतात. मधले सहा रविवार धरायचे नाहीत, कारण रविवार पुनरुत्थानाचा. त्या दिवशी उपास नाही.

आम्ही मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंटांतला एक पंथ. आमच्याकडे ज्याचं त्यानं ठरवायचं. माझ्या माहेरी, खानापुरात, आजीचा शुक्रवार दुपारी तीनपर्यंत असायचा, कारण प्रभूनं क्रुसावर प्राण सोडला तो तीनच्या सुमाराला. पुढे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या तोंडून ऐकलं की आमच्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली ऑक्सफर्डला होते तेव्हा बुधवारी आणि शुक्रवारी तीनपर्यंतच उपास धरायचे. आणि त्यांच्याही कितीतरी आधी, अगदी पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या काळातल्या 'दिदाखे' नावाच्या छोट्या नियमपुस्तकात हेच दोन वार सांगितलेत. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला शुक्रवार ठाऊक होता.

तीनपर्यंत काय करायचं, हा खरा प्रश्न. नुसतं न जेवणं म्हणजे डायटिंग. आजीचा नियम सोपा होता: चुलीपाशी जो वेळ गेला असता तो गुडघ्यावर घालवायचा. भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मी ते मशीनवर आणलंय. शुक्रवारी साडेबाराला पायडलवरून पाय काढते, कात्री डब्यात टाकते आणि पाटावर बसते. पहिली पाच मिनिटं प्रार्थना कसली, पोटात कावळे ओरडत असतात आणि डोक्यात अस्तराचा हिशोब चालू असतो. मग एकेक नाव घेते. ज्यांचे ब्लाउज अडकलेत त्यांचीही. घाई करणाऱ्या गिऱ्हाईकासाठी प्रार्थना करून बघा, सोपं नाही. एरवी मी बऱ्यापैकी शांत बाई आहे असा माझा समज आहे. शुक्रवारी एक वाजता कुणी फॉल-पिकोची साडी परत आणून "इथं सुरकुती आलीय" म्हणालं की तो समज गळून पडतो. पोट भरलेलं असताना जे झाकून राहतं ते रिकाम्या पोटी वर येतं. बायबलातल्या यशयाच्या 58व्या अध्यायात देव लोकांवर नेमका याच गोष्टीवरून चिडलाय. उपास धरता आणि त्याच दिवशी भांडता, मजुरांना राबवून घेता, असा हा कुठला उपास, असं विचारतो. वाचताना मला दरवेळी माझ्याकडे काजं करायला येणारी मुलगी आठवते. तिला मी शुक्रवारी जास्त बोलते.

आता माझ्या फजितीबद्दल.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या लेकाची नोकरी गेली. उद्यमबागेत एका फाउंड्रीत होता, ऑर्डर कमी झाल्या, नव्यांना आधी काढलं. त्याच सुमारास आमच्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 21 दिवसांच्या दानीएलाच्या उपासाची टूम निघाली. बायबलातल्या दानीएल संदेष्ट्यानं तीन आठवडे चांगलंचुंगलं अन्न, मांस, द्राक्षारस सोडला होता, त्यावरून हे. आम्ही बांगडा सोडला, चहातली साखर सोडली. मला तेवढ्यानं समाधान होईना. मी शुक्रवारचा कडक उपासही त्यात जोडला, आणि तो कशासाठी चाललाय हे दहाजणींना सांगूनही टाकलं. मनातल्या मनात मी देवाशी सौदाच करत होते: मी इतके दिवस, तू एक नोकरी.

मला साखरेचा आजार निघून तेव्हा सहा महिने झाले होते. सकाळची गोळी जेवणाआधी घ्यायची, ती मी इमानदारीत घेतली. जेवण तेवढं घेतलं नाही. अकराला उपास-प्रार्थना सुरू झाली. एक कन्नड गीत, एक मराठी भजन, मग साक्षी. 'उपवास' हा शब्द कन्नडातही तोच, 'प्रार्थना'ची तेवढी 'प्रार्थने' होते, त्यामुळे आमच्या फळ्यावर एकच ओळ दोन लिप्यांत लिहिलेली असते. थोरल्यासाठी विनंती सांगायला मी उभी राहिले, तर हात थरथरायला लागले. घाम फुटला. बायबलातली अक्षरं मुंग्यांसारखी पानभर पळायला लागली. एवढंच आठवतं. पुढचं भान आलं तेव्हा मी सतरंजीवर होते, कुणाच्या तरी पर्समधली लिमलेटची गोळी माझ्या गालात होती आणि पाळकीणबाई साखरपाण्याचा पेला घेऊन वर वाकल्या होत्या.

उपास धरलास तर तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नकोस, असं प्रभूनं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय. माझा उपास अख्ख्या मंडळीला कळला, शिवाय रिक्षावाल्यालाही.

डॉक्टरांनी समजावलं ते इथं मुद्दाम लिहिते, कारण आमच्यातल्या अनेकजणी हेच करतात. साखरेच्या काही गोळ्या तुम्ही जेवलात की नाही हे विचारत बसत नाहीत. त्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात म्हणजे लावतात. पोटात अन्न नसेल तर रक्तातली साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि वेळेत गोड मिळालं नाही तर जिवावर बेततं. उपास धरायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं, गोळी आपल्या मनानं ना घ्यायची ना सोडायची. शेवटी ते म्हणाले, "देवाला सांगा, मी परवानगी दिली नाही."

घरी पडून होते तेव्हा मला आजीचा एक दिवस आठवला. खरं तर तो विसरले कधीच नव्हते.

माझा धाकटा भाऊ अडीच वर्षांचा असताना तापानं गेला. पावसाळा होता, मलप्रभेला पाणी होतं, त्याला बेळगावला हलवलं तेव्हा उशीर झाला होता. आजीनं तो आजारी पडल्यापासून चार दिवस अन्नाला हात लावला नव्हता. माती देऊन सगळे परत आले. कौलांवरून पाणी गळत होतं, ओसरीत बायका बसल्या होत्या, आई भिंतीकडे तोंड करून. आजी न्हाणीत गेली, अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि चुलीपाशी बसून तांदूळ धुवायला लागली. भात झाला. तिनं ताट वाढून घेतलं, मीठ घातलं, आणि जेवली. बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालंच, म्हातारीला घास उतरतोय तरी कसा. मी नऊ वर्षांची, मलाही तेव्हा तिचा राग आला होता.

पुष्कळ वर्षांनी बायबलात दावीद राजाची गोष्ट वाचताना थबकले. 2 शमुवेल, बारावा अध्याय. लेकरू आजारी, दावीद सात दिवस जमिनीवर पडून, अन्न नाही. सातव्या दिवशी लेकरू जातं. चाकर सांगायलाही भितात. आणि त्याला कळतं तसा तो उठतो, अंघोळ करतो, कपडे बदलतो, देवाच्या मंदिरात जातो, घरी येऊन जेवायला मागतो. त्याच्या चाकरांनाही तोच प्रश्न पडला होता, जो आमच्या ओसरीतल्या बायकांना पडला. आजीला ही गोष्ट पाठ होती का, हे विचारायला ती राहिली नव्हती. पण तिचा सौदा नव्हता, एवढं नक्की. सौदा फिसकटला असता तर तिनं पुढच्या शुक्रवारी उपास सोडला असता. तिनं तो मरेपर्यंत धरला.

आणि तिचा डबा. शुक्रवारी सकाळी ती रोजच्यासारखे चिपट्यानं तांदूळ मोजायची, आणि आपल्या वाटणीचे मूठभर बाजूला काढून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. तीननंतर जेवली तरी ते परत घ्यायचे नाहीत. महिनाअखेरीला डबा कुणाकडे जायचा ते आम्हाला सांगायची नाही. रोममध्ये दुसऱ्या शतकात हर्मास नावाच्या माणसानं लिहून ठेवलंय की उपासाच्या दिवशी भाकरी-पाणी तेवढं घ्या, जे खाल्लं असतं त्याची किंमत काढा आणि ती विधवेला, अनाथाला द्या. पाळकसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. खानापूरच्या माझ्या निरक्षर म्हातारीचा हिशोब आणि त्याचा एकच.

आता मी गोळीच्या वेळेला थोडं खाते, दुपारचा भात तेवढा सोडते, आणि डबा सुरू केलाय. साडेबाराचा पाट चालूच आहे. थोरल्याला अजून कायमचं काम नाही. एका गॅरेजवर रोजंदारीनं जातो. त्याचं नाव घेते, पण पूर्वीसारखी तारीख घालून देत नाही.

मागच्या शुक्रवारी काकू आल्या, नेहमीसारख्या. पाटावरून उठून मी तांदूळ डब्यात टाकत होते. त्यांनी झाकण उघडलेल्या डब्यात बोट घातलं, चार दाणे तळव्यावर घेतले आणि उजेडात धरले.

"हे रेशनचे की गं?"

"होय."

"आणि तुम्ही घरी इंद्रायणी खाता."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. वर्षभर मी तेच करत होते आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आजीच्या घरी तांदूळ एकच होता, त्यामुळे तिच्यावर ही पाळी आली नाही.

काकू गेल्यावर डबा परातीत पालथा केला. रेशनचे तांदूळ इडलीला भिजत घातले आणि इंद्रायणीच्या पिंपात चिपटं बुडवलं. चार शुक्रवारांचे किती होतात, ते मोजून.