एक वरून, एक खालून

ईस्टरची सुट्टी संपून मुलीची शाळा पुन्हा सुरू झाली, त्याच आठवड्यात तिच्या दप्तरातून एक चिठ्ठी घरी आली. मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी शाळेच्या मैदानावर मेपोल नृत्य होणार आहे, तरी चौथीच्या मुलांनी पांढरा सदरा आणि सपाट तळव्याचे बूट घालून यावे, एवढाच मजकूर तिच्यात होता. मेपोल म्हणजे मैदानात उभा केलेला उंच खांब. त्याच्या माथ्यावरून रंगीत फिती सोडलेल्या असतात आणि त्या हातात धरून मुले खांबाभोवती नाचतात. चित्रांतून तो मी अनेकदा पाहिला होता, पण सरावाच्या दिवशी मुलीला आणायला थोडी लवकर गेले आणि शिक्षिकेचा "ओव्हर, अंडर, ओव्हर" हा ठेका कानांवर पडला, तेव्हा इंग्लंडमधल्या लीड्सजवळच्या त्या गार मैदानावर मला आमच्या बाईंचा आवाज ऐकू आला : "एक वयल्यान, एक सकयल्यान."

गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोण तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या बाई शिकवीत मराठीतून, पण घाई झाली किंवा राग आला की कोकणीत शिरत. शिगमो, म्हणजे गोव्याचा होळीचा सण, जवळ आला की शाळेचे वातावरण बदलून जाई. फाल्गुनातले ऊन, सावरीच्या झाडाखाली पडलेली लाल मांसल फुले आणि शेजारच्या डोंगरावरून येणारा काजूच्या पिकल्या बोंडूंचा आंबूस वास, या सगळ्यांत वार्षिक परीक्षेचा अभ्यास कोणाच्याच डोक्यात शिरत नसे. म्हणून होळीच्या आधीच्या शनिवारी बाई पुस्तके मिटून ठेवायला लावीत आणि शाळेचा शिगमो साजरा होई. त्या वर्षी त्यांनी गोफ बसवायचे ठरवले होते.

ज्यांनी गोफ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. उंचावर एका ठिकाणी बांधलेल्या दोऱ्या किंवा कापडी पट्ट्या खाली सोडतात आणि प्रत्येक नाचणारा एकेक टोक हातात घेतो. निम्मे एका दिशेने आणि निम्मे उलट दिशेने फिरू लागतात आणि समोरून येणाऱ्याला एकदा पट्टी वर धरून, तर पुढच्याला खाली वाकून वाट देतात. हळूहळू वरून वेणी उतरू लागते. पट्ट्या हातात मावेनाशा आखूड झाल्या की सगळे उलटे फिरतात आणि विणलेले सारे उलट क्रमाने सोडवतात. मेपोलची रीत हीच आहे. फरक एवढाच की मेपोलची वीण खांबाला चिकटून त्याचे अंग झाकत खाली येते, तर गोफाला मधोमध काहीच नसते. त्याची वेणी अधांतरी लोंबते आणि म्हणूनच ती कुठे बिघडली आहे ते कोणत्याही बाजूने दिसते. हा फरक पुढे मला चांगलाच भोवला.

बाई मूळच्या बाहेरगावच्या असल्यामुळे त्यांना गोफ येत नव्हता. तो शिकवायला आमच्या वाड्यावरचे एक आजोबा आले. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाणी लावण्याचे काम करणाऱ्या या माणसाने शाळेची पायरी कधी चढली नव्हती आणि त्याही दिवशी ते बराच वेळ व्हरांड्याबाहेर वहाणा काढून उभे राहिले. गावच्या मांडावर, म्हणजे शिगमो खेळण्याच्या ठरलेल्या जागेवर, घुमट आणि शामेळ या वाद्यांच्या साथीने गोफ खेळण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. आमच्या मांडावर पुरुषच उतरत, त्यामुळे रांगेत मुली पाहून ते क्षणभर थबकले. मग त्यांनी बाईंकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता आम्हांलाही पट्ट्या वाटल्या. बाईंना पावलांचे आकडे हवे होते. कोणी किती पावले टाकायची आणि कितव्या पावलाला वाकायचे, ते त्यांना फळ्यावर लिहायचे होते. आजोबांना ते सांगताच येईना. ते म्हणत, थांबा, चालून बघतो. आणि एका मुलाच्या हातातली पट्टी घेऊन स्वतः एक फेरी मारत. फळा शेवटपर्यंत कोराच राहिला.

पट्ट्या आम्ही घरून आणलेल्या जुन्या लुगड्यांच्या होत्या. माझी जांभळी होती, आईच्या विरलेल्या साडीची, आणि तिच्या काठाची जर तळहाताला टोचत असे. शनिवारी व्हरांड्याच्या वाशाला आठ पट्ट्या बांधल्या, आजोबा घुमट घेऊन पायरीवर बसले आणि गोफ चांगला दोन हात विणून झाल्यावर मी वरून जाण्याऐवजी खालून गेले. मला ते कळलेही नाही. सोडवताना मात्र वेणी एका जागी येऊन अडली आणि आठही जण जागच्या जागी ओढाताण करू लागले. बाई कात्री आणायला आत गेल्या. आजोबांनी घुमट खाली ठेवले, मान वर करून क्षणभर वेणीकडे पाहिले आणि सरळ माझ्यापाशी आले. कोण चुकले हे त्यांनी विचारले नाही. जांभळ्या रंगाने त्यांना ते सांगितले होते. तिथे जशी चुकलीस तशीच परत जा, असे त्यांनी मला सांगितले, म्हणजे बरोबर पाऊल न टाकता मुद्दाम पुन्हा तीच चूक उलट्या बाजूने करायची. मी वाकून खालून गेले, गाठ सैल झाली आणि बाई कात्री घेऊन बाहेर आल्या तेव्हा अर्धा गोफ सुटला होता.

हे सगळे मी आमच्या शेजारच्या आजींना सांगितले. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांचा जन्म याच भागातला आणि त्यांचे शाळेतले मेपोल 1950 च्या आसपासचे. मला वाटले होते, त्याही फिती धरून नाचल्या असतील. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मला कधी नाचायला मिळालेच नाही, मी अंगाने जड होते म्हणून मला बुडाशी बसवत. शाळांचे मेपोल जमिनीत पुरलेले नसतात. लाकडी फुलीच्या आधारावर उभे असतात आणि फिती ताणल्या गेल्या की कलंडतात. म्हणून चार-पाच मुलांना त्या फुलीवर पाठीला पाठ लावून बसवतात आणि वर नाच चाललेला असताना त्यांनी जागचे हलायचे नसते. आजी चार वर्षे तिथे बसल्या. चेहरे त्यांना फारसे दिसत नसत, दिसत ती पावले. त्यामुळे कोण चुकले ते बुटांवरून सर्वांत आधी त्यांनाच कळे, पण बोलायची परवानगी नव्हती.

त्यांच्या शाळेत फिती कधी मे महिन्याच्या आरंभी, तर कधी 24 मे रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी पाळल्या जाणाऱ्या 'एम्पायर डे'ला निघत, आणि मग झेंड्याला सलामी व मेपोल एकाच दुपारी उरकले जाई. त्या साम्राज्यात तुम्हीही होता ना, असे त्यांनी थोड्या संकोचाने विचारले. आमचे गाव तेव्हा पोर्तुगिजांकडे होते आणि 19 डिसेंबर 1961 पर्यंत त्यांच्याकडेच राहिले, असे मी सांगितल्यावर त्यांचा संकोच गेला. मला मात्र उगाचच पोर्तुगिजांची बाजू घेतल्यासारखे वाटले.

इंग्लंडमध्ये मेपोल जुना आहे यात शंका नाही. 1644 मध्ये प्युरिटन, म्हणजे कडव्या ख्रिस्ती, मताच्या संसदेने देशातले सगळे मेपोल पाडण्याचा हुकूम काढला होता. राजेशाही परतल्यावर 1661 मध्ये लंडनच्या स्ट्रँड या रस्त्यावर 134 फूट उंचीचा नवा खांब उभा राहिला. पुढे तो उतरवला गेला तेव्हा आयझॅक न्यूटन यांनी तो मिळवला आणि एका मोठ्या दुर्बिणीला टेकू म्हणून वापरण्यासाठी दिला. आमच्यापासून जवळच असलेल्या बारविक-इन-एल्मेट या गावात सुमारे 86 फुटांचा खांब आजही उभा आहे आणि दर 3 वर्षांनी तो खाली उतरवून, रंगवून पुन्हा चढवतात. पण या खेड्यांतल्या जुन्या खांबांना विणायच्या फिती नव्हत्या. लोक हिरव्या डहाळ्या आणि फुलांचे हार बांधत आणि भोवती नुसते फेर धरत. फितींची वीण एकोणिसाव्या शतकात रंगभूमीवरून आली, आणि शाळाशाळांत ती पोहोचण्यामागे जॉन रस्किन या लेखकाचा मोठा वाटा होता. शिक्षिका तयार करणाऱ्या लंडनच्या व्हाइटलँड्स कॉलेजात त्यांनी 1881 मध्ये मे महिन्याचा उत्सव सुरू करून दिला. विद्यार्थिनींनी आपल्यातूनच, सर्वांत प्रेमळ वाटणाऱ्या मुलीला मतांनी 'मे क्वीन' निवडायचे आणि तिला हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फुलांची नक्षी असलेला सोन्याचा क्रूस मिळायचा. तिथून शिकून निघालेल्या शिक्षिका देशभरच्या शाळांत गेल्या आणि जाताना हा उत्सवही घेऊन गेल्या.

हे कळल्यापासून मी दोन्ही शाळांकडे थोड्या निराळ्या नजरेने पाहते. इथे पुस्तकांतून आणि शिक्षिकांच्या हातून आलेली गोष्ट आता गावाची परंपरा म्हणून मिरवते, आणि मला त्यात वावगे काही वाटत नाही. कोणीतरी कधीतरी सुरू केल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. आमच्याकडे उलट घडले. मांडावरची गोष्ट शाळेने एका शनिवारपुरती उसनी घेतली, तिच्यातले नमन वगळले, गुलालाला बंदी केली आणि नमनाची जागा बाईंच्या भाषणाला दिली. त्या भाषणातला एक शब्दही मला आठवत नाही. आजोबांचे नाव मात्र आम्ही शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिले नव्हते, आणि ते आता बोचते.

शुक्रवारी पावसाची भुरभुर होती, तरीही कार्यक्रम झाला. इथे भुरभुर असल्याने काही रद्द होत नाही. शाळेच्या कुंपणाला लागून हॉथॉर्नचे झाड आहे. त्याच्या फुलांनाच इथले लोक 'मे' म्हणतात, पण 1752 मध्ये इंग्लंडने कॅलेंडर बदलताना त्यातले 11 दिवस गाळल्यापासून मे महिना झाडाच्या आधी येतो, त्यामुळे त्यावर नुसत्या कळ्या होत्या. मी घडीच्या दोन खुर्च्या नेल्या होत्या, एक आजींसाठी. स्पीकरवर अकॉर्डियनची धून लागली, बारा मुलांनी फिती ताणल्या, पाच जण फुलीवर बसले आणि वीण सुरू झाली. मुलीने तिच्या वर्गातल्या सगळ्यांना ओव्हर-अंडर मराठीत शिकवले होते. "वरून, खालून" असे ती जोराने म्हणत होती.

पिवळी आणि हिरवी फीत एकमेकींत अडकली तेव्हा मी खांबाच्या माथ्याकडे पाहून कोण चुकले याचा माग काढू लागले. आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांची नजर जमिनीवर होती.

"करड्या बुटांची," त्या हळूच म्हणाल्या, "डाव्या बुटाची नाडी सुटलेली."

ती माझीच मुलगी होती.