तुम्ही विचारलंत म्हणून : रिव्ह्यू संपत का नाही?

"छापून आला ना तुझा रिव्ह्यू, मग परत तोच काऊन करून राहिली?" मावशीपासून मेडिकलमधल्या मित्रांपर्यंत सगळे हेच विचारतात.

आमचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एखाद्या उपचारावरच्या सगळ्या ट्रायल्स, म्हणजे रुग्णांवर घेतलेल्या चाचण्या, शोधून त्यांचा एकत्र निष्कर्ष काढणं. छापून आला म्हणजे त्या तारखेपर्यंतच्या ट्रायल्स जमेस धरल्या, एवढंच. 2007 साली शंभर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू तपासले, तर 7 टक्के छापून येतानाच शिळे होते आणि 23 टक्के दोन वर्षांच्या आत झाले. म्हणून लिव्हिंग रिव्ह्यूत, म्हणजे सतत ताज्या ठेवायच्या रिव्ह्यूत, सर्च ठरावीक काळाने पुन्हा चालवायचा, निघालेले निबंध दोघांनी वेगवेगळे चाळायचे, नवी ट्रायल सापडली की आकडे परत मांडायचे. कंटाळवाणं आहे, मान्य.

2021 चा एप्रिल आठवा. माझ्या मावसबहिणीचे यजमान कोविडने दाखल होते. डॉक्टरांनी प्लाझ्मा, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्याच्या रक्तातला द्रव, लिहून दिला होता. ताईचा रात्री फोन आला, "डोनर शोध." माझा विषय प्लाझ्मा नव्हता, पण मी वाचलं होतं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, प्लाझ्मावरची प्लॅसिड ट्रायल ऑक्टोबर 2020 मध्येच आली होती : 39 रुग्णालयं, 464 रुग्ण, ना मृत्यू कमी झाले, ना आजार बळावणं थांबलं. जानेवारीत इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलनेही प्लाझ्मासाठी रुग्ण घेणं बंद केलं. मी म्हटलं, "ताई, याच्यामागे धावू नको." ती म्हणाली, "तू कागदं वाचते. ते पेशंट पाहतात." नागपुरात रामदासपेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत रक्तपेढ्या पालथ्या घालून तिने पिशवी मिळवली. भाऊजी गेले. प्लाझ्म्याने ते वाचले नसते, हे मी आजही म्हणते. तिच्या लेखी मात्र मी त्या रात्री 'नाही' म्हटलं, तेवढंच उरलंय. सरकारी मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा 17 मे रोजी निघाला.

पुरावा ताजा ठेवला की निर्णय सुधारतात, असं मी पूर्वी ठासून सांगायची. एप्रिलमध्ये पुरावा ताजाच होता. मग आमचा उपयोग काय? ठासून सांगणारी ती पूर्वीची मी लगेच डेक्सामेथासोन, म्हणजे गंभीर कोविडमध्ये मृत्यू कमी करणारं स्टेरॉइड, पुढे करते : त्याचा निकाल 16 जून 2020 ला जाहीर झाला, 27 जूनला ते आपल्या मार्गदर्शिकेत होतं. तिचंही खोटं नाही.

प्रत्येक रिव्ह्यू चालू ठेवावा असं माझंही मत नाही. नव्या ट्रायल्स येत नसतील तिथे थांबावंच. पण कधी, यावर आमच्या टीममध्येच एकमत होत नाही. आणि मी थांबण्याच्या विरुद्ध बोलते तेव्हा त्यात पुरावा किती आणि ताई किती, हे मला सांगता येत नाही.