लिंबाला पाणी

मार्गशीर्षातली दुपार. गच्चीवर कपडे काढायला गेलो, तर निळ्या अर्ध्या ड्रमखालून पाण्याचा ओघळ थेट पाइपापर्यंत गेलेला. लिंबाला पाणी घालायचं नाही, असं मी घरात बजावून ठेवलं होतं. आंबे बहार, म्हणजे आंबा मोहरतो त्या सुमाराचा लिंबाचा बहार, धरायचा तर या दिवसांत पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि जानेवारीत भरपूर पाणी द्यायचं. मग फूल येतं. आईला हे पटत नाही. "दारातल्या झाडाला कोणी उपाशी ठेवतं का?"

अमळनेरजवळच्या मळ्यात आजोबा असंच पाणी तोडून झाडांना ताण द्यायचे तेव्हा मात्र कोणी हूं की चूं केलं नाही. विहिरीशेजारी कागदी लिंबाची झाडं होती. आजोबा रोज सकाळी एखादं पान चिमटीत धरून बघायचे आणि मनासारखं झालं की म्हणायचे, "आते दे पानी." मग आम्ही पोरं दारं धरायला, म्हणजे पाणी एकेका आळ्यात वळवायला पळायचो. भेगाळलेल्या आळ्यात पाणी शिरलं की जमीन चक्क सुस्कारे टाकायची, बुडबुडे यायचे, मुंगळे खोडावर चढायचे.

गच्चीवर तो थाट नाही. काळ्या जमिनीत मुळं खाली ओल हुडकत जातात. ड्रममध्ये दीड फुटावर प्लास्टिक. चार दिवस जास्त झाले तर फूल राहिलं बाजूला, पानगळच व्हायची. मे महिन्यात पारा 44वर गेला की ड्रमला हात लाववत नाही. भोवती ओलं गोणपाट गुंडाळावं लागतं. आई ज्यावर पुरणाचे मांडे भाजायची, त्या फुटक्या खापराचा तुकडा तळाच्या भोकावर आहे, त्यामुळे झाडावर तिचाही हक्क आहेच म्हणा.

पावसाळ्यात अळ्या येतात. लहान असताना हुबेहूब पाखराची शीट, मोठी झाली की हिरवीगार. काडीने डिवचलं की डोक्यामागून नारिंगी दुशिंगी काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मारवत नाही. शेजारच्या कढीपत्त्यावर नेऊन सोडतो. तोही त्यांना चालतो. शेजाऱ्यांना विचारलेलं नाही.

ओघळाबद्दल आईला टोकलं, तर म्हणाली, "बहार विकणाऱ्याला लागतो. सगळा माल एकदम यावा, भाव गाठावा म्हणून. आपल्याला वरणावर पिळायला एक लिंबू पुरतं, ते येतंय की बारा महिने."

यावर मला काही सुचलं नाही. पुढच्या मार्गशीर्षात मात्र गच्चीची किल्ली माझ्या खिशात राहील.